मदत हवी आहे : दहावीची उत्क्रांती बोंडअळीपर्यंत पटते, पुढे गाडी अडते

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दहावीला विज्ञान शिकवते. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा भाग २ मधला पहिलाच धडा. वर्गातली बहुतेक घरं माळकरी, काही मुस्लिम. माणूस देवानेच घडवला यावर दोन्हीकडे एकमत, आणि ती श्रद्धा मोडायला मी वर्गात जात नाही.

डार्विनच्या आधी मी गुलाबी बोंडअळी घेते. बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस २००२ मध्ये आला आणि २०१७ च्या हंगामात याच अळीने बोंडं पोखरली, हे घरोघरी ठाऊक. बीटीचं विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या वाचल्या, पुढे त्यांचाच वंश वाढला. कडेला बिगर-बीटीच्या ओळी का लावायच्या, हेही मुलंच सांगतात. मग मागच्या बाकावरून येतं, “मॅडम, पण अळी अळीच राहिली ना? तिचा बेडूक तर नाही झाला!”

प्रश्न रास्त आहे, आणि इथेच मी अडते. सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यामधला दुवा असलेला आर्किऑप्टेरिक्स चित्रातच राहतो. माकडहाड, अक्कलदाढ ही पूर्वजांकडून उरलेली अवशेषांगं सांगितली की “देवाने काही विचार करूनच दिली असेल.”

सहकारी म्हणतात, दशावतार सांगून मोकळ्या व्हा. मत्स्य, कूर्म, वराह, पालकही खूश. मला ते नको. त्यातून शिडी डोक्यात बसते, फांद्या फुटतात हे राहूनच जातं. शिवाय मुस्लिम मुलांनी त्या तासाला काय करायचं?

अळीपासून माणसापर्यंत तुम्ही कसे नेता? प्रयोगशाळा नावापुरतीच आहे.

प्रतिसाद :
ताई, गुणसूत्रं वापरून बघा, त्याच धड्यात डीएनए आहेच. माणसाची ४६, चिंपांझीची ४८. एक जोडी गेली कुठे? पूर्वजांची दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळून आपलं दुसरं गुणसूत्र झालं. एरवी टोकाला सापडणारे डीएनएचे तुकडे त्याच्या मधोमध सापडतात. कागदाच्या पट्ट्या, टोकांना लाल रंग, चिकटवून घ्या. लाल मध्ये कसा आला, ते मुलांनाच शोधू द्या.

आणि आजच्या माकडापासून माणूस झाला असं कुणी म्हणतच नाही, हे पहिल्याच तासाला सांगा. निम्मा राग तिथेच उतरतो. “तुम्हाला पटतं का” हे मी विचारत नाही. “पुरावा कोणता” एवढंच. पालकांनाही तेच सांगतो.

धागाकर्ती :
पट्ट्या सोमवारीच करते. पण लाखो वर्षांचा काळ कसा दाखवता? तिथेही अडतंय.