मदत हवी आहे: 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चा काळ नेमका कोणता लिहू?

रविवारी आमच्या फिल्म क्लबात सर्जिओ लिओनेचा हा १९६६चा सिनेमा दाखवतोय. सुरुवातीला पडद्यावर काळ आणि ठिकाण सांगणारी एकच ओळ टाकायची आहे, तिथे अडलोय.

सिनेमात अमेरिकन यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) जनरल सिबलीच्या माघारीचा उल्लेख येतो. न्यू मेक्सिकोतल्या ग्लोरिएटा खिंडीची लढाई मार्च १८६२ची. तिथे त्याच्या रसदीच्या गाड्या जळाल्या आणि सिबलीचं सैन्य टेक्सासकडे परतलं. म्हणजे न्यू मेक्सिको, १८६२. इथवर जुळतं.

पण सिनेमातला डाकू टुको रुळाशेजारी पडून धावत्या गाडीच्या चाकांखाली हातकडीची साखळी तोडून घेतो ना, तिथे गाडं अडतं. न्यू मेक्सिकोत रेल्वे पोचली १८७८च्या अखेरीस! शिवाय पूल उडवायला डायनामाइट, त्याचं पेटंट १८६७चं.

लांब आवृत्ती सबटायटल्ससह दोनदा पाहिली, सिबलीच्या मोहिमेबद्दल वाचलं. दिग्दर्शकाने सूट घेतली हे मान्यच आहे, चुकांची यादी नकोय. प्रेक्षकांत शाळकरी मुलंही आहेत, म्हणून ओळ चुकीची जायला नको.

तर 'न्यू मेक्सिको, १८६२' असं ठामपणे लिहावं, की फक्त 'अमेरिकन यादवी युद्धाचा काळ (१८६१ ते १८६५)'? आणि सिबलीखेरीज साल पक्कं करणारा एखादा संवाद किंवा थडग्यावरची तारीख कुणाच्या नजरेस पडली आहे का?