ऑपेरा कंडक्टरची स्पर्धा म्हणजे मार्क नेमके कशाला देतात? (भाचीसाठी विचारतेय)

सदाशिवातली_मावशी

नमस्कार मंडळी, विषय जरा आडवाटेचा आहे पण इथे प्रत्येक विषयातले जाणकार असतात (नसले तरी बोलतात) म्हणून विचारतेय. माझी भाची लहानपणी कॅम्पात पियानो शिकायची, ट्रिनिटीच्या ग्रेड झाल्या, मग इंजिनिअरिंगचं एक वर्ष करून सोडलं (तो इतिहास वेगळा, नको तो विषय) आणि आता जर्मनीत ऑर्केस्ट्रा कंडक्टिंग शिकतेय. परवा फोनवर म्हणाली, मावशी, एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेला अर्ज करतेय, ती फक्त ऑपेरा (म्हणजे तिकडचं गाऊन केलेलं नाटक) कंडक्टर्सची आहे. प्रवेश फी आहे, निवड झाली तर जाण्यायेण्याचा खर्च आहे, आणि त्याआधी व्हिडिओ पाठवायचाय. त्यात गंमत अशी की कॅमेरा वादकांच्या बाजूने लावायचा, म्हणजे परीक्षकांना फक्त हिचा चेहरा आणि हात दिसणार, वाजवणाऱ्यांच्या नुसत्या पाठी आणि टकलं.

रविवारी भावोजी आमच्याकडे जेवायला होते. अळूची भाजी वाढून घेताघेता म्हणाले, "गाणार दुसरे, वाजवणार दुसरे, ही मधे उभी राहून काठी हलवणार, आणि त्याची परत स्पर्धा? मार्क कशाला देतात, खांद्याला?" मला हसू फुटलं पण खरं सांगू का, मलाही उत्तर देता आलं नाही. पैशाला ते नाही म्हणणार नाहीत, पण कशासाठी देतोय ते कळायला हवं एवढंच त्यांचं म्हणणं आणि ते काही चुकीचं नाही.

तर कोणी सांगेल का, यात नक्की तपासतात काय? आणि साध्या कंडक्टरपेक्षा ऑपेराचा कंडक्टर वेगळा कसा? गूगल केलं तर सगळं इंग्रजीत आणि सगळीकडे 'पॅशन' 'पॅशन'. पॅशन भावोजींना कळत नाही.

नळस्टॉप_ते_नारायणपेठ

कंडक्टर म्हटल्यावर मला पीएमपीएमएलच आठवते. पुढे सरका, पुढे सरका. काम तेच असावं, साठ माणसं एकाच गाडीत कोंबून एकाच स्टॉपवर एकदम उतरवायची.

भाता_आणि_पेटी

वरच्यांनी विनोद केलाय पण फार चुकलेले नाहीत.

मावशी, मला ऑपेरा फारसा कळत नाही, मी संगीत नाटकाला ऑर्गन वाजवतो, तीसेक वर्षं झाली. पण तुमच्या भावोजींचा प्रश्न मला नीट कळला, कारण मीही एकेकाळी तोच विचारायचो. एकदा मुंबईला एनसीपीएत पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा ऐकायला गेलो आणि दोन तास संगीत सोडून त्या कंडक्टरच्या डाव्या हाताकडेच बघत बसलो. उजवा हात मात्रा दाखवतो ते कळलं, पण डावा हात वेगळंच काहीतरी बोलत होता, कोणाला दाबत होता, कोणाला नुसतं बोट वर करून "आता तू" म्हणत होता.

आपल्याकडे हे लागत नाही कारण साथीला माणसं दोन, ऑर्गन आणि तबला. नट पदात रंगला, एक तान जास्त घेतली, तर मी त्याच्याकडे बघतो, तबलजी माझ्याकडे बघतो, तो समेवर येईपर्यंत आम्ही वाट धरून ठेवतो आणि प्रेक्षकाला वाटतं हे असंच बसवलेलं होतं. दोघांत डोळ्यांवर भागतं. पण रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक बसलेत, त्यातल्या अर्ध्यांना गाणारा दिसतसुद्धा नाही, आणि तो वरच्या सुरावर जरा जास्त थांबला, तर साठ जणांनी आपापल्या कानाने अंदाज बांधायचा? साठ अंदाज होतील. म्हणून अंदाज एकानेच बांधायचा आणि बाकीच्यांनी त्याचा हात बघायचा. भावोजींना सांगा, मार्क त्या अंदाजाला आहेत.

याची किंमत मी मोजलेली आहे. एका हौशी संस्थेचा प्रयोग होता, नवीन मुलगा, आवाज सुंदर, पण श्वास कुठे घ्यायचा ते ठरलेलं नव्हतं. दुसऱ्या अंकातल्या पदात त्याने ओळीच्या मधेच दम घेतला, मी थांबलो, तबला पुढे गेला, आणि सम दोनदा आली. एकदा तबल्याची, एकदा माझी. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मान खाली घातली ती पद संपेपर्यंत वर केली नाही. टोमॅटो फेकला असता तर बरं वाटलं असतं.

आता जरा अवांतर. आपला वन्स मोअर तिकडेही होता, आणि तोस्कानिनी म्हणून जो इटलीचा मोठा कंडक्टर त्याला त्याचा भयंकर राग. १९०३ साली मिलानच्या ला स्कालात लोक वन्स मोअर मागायला लागले तर हा बाबा चालू प्रयोग टाकून निघून गेला. पुढे तिथे वन्स मोअर बंदच झाला, तो २००७ साली हुआन दिएगो फ्लोरेस या गायकाने मोडला, ज्या गाण्यात नऊ वेळा वरचा सा लागतो (त्यांचा 'हाय सी', मी आपला सा म्हणतो) ते लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. १८८० साली आपल्या पुण्यात 'संगीत शाकुंतल' झालं तेव्हापासूनचा आपला प्रेक्षक असता तर तोस्कानिनीला रोज घरी जावं लागलं असतं.

कोथरूड_म्युनिक

भाता_आणि_पेटी, तुमची दोनदा आलेली सम वाचून अंगावर काटा आला!

मी मूळ कोथरूडचा, सध्या म्युनिकला, पोटापाण्याला सॉफ्टवेअर आणि संध्याकाळी एका हौशी कॉयरमध्ये (समूहगानाच्या गटात) बास म्हणजे खालच्या पट्टीत गातो, त्यामुळे कंडक्टर या प्राण्याला समोरून बघायची सवय आहे. ओळखीतली दोघं-तिघं अशा स्पर्धांना जाऊन आलीत, त्यावरून सांगतो. प्रत्येक स्पर्धेचे नियम वेगळे असतात, भाचीने आपले नीट वाचावेत.

व्हिडिओतून थोडे निवडतात. मग बऱ्याच ठिकाणी सुरुवातीची फेरी पियानोवर, म्हणजे ऑर्केस्ट्राचं सगळं एक पियानिस्ट वाजवतो आणि गायक समोर. त्यातून टिकले की खरा ऑर्केस्ट्रा. पण खरी मेख अशी की ते नुसता प्रयोग बघत नाहीत, तालीम बघतात. तुम्हाला मोजून मिनिटं देतात, तेवढ्यात हा प्रवेश बसवून दाखवा. कुठे थांबवलं, कशासाठी थांबवलं, थांबवून काय बोललात, बोलल्यावर खरंच फरक पडला का, हे सगळं परीक्षक लिहून घेत असतात. माझी एक मैत्रीण पहिल्याच चार ओळींवर तीनदा थांबली, सुधारणा बरोबर होत्या, पण वेळ संपली आणि शेवटचं पान वाजलंच नाही. आणि ऑर्केस्ट्रातले लोक हुशार असतात, समोरचा घाबरलाय हे त्यांना काठी वर जायच्या आधी कळतं. काही स्पर्धांत वादकांनी निवडलेल्या कंडक्टरला वेगळं बक्षीससुद्धा असतं.

आता ऑपेराच का वेगळा. सिम्फनीत, म्हणजे नुसत्या ऑर्केस्ट्राच्या रचनेत, सगळे समोर बसलेले, सगळ्यांपुढे नोटेशन. ऑपेरात गाणारे पाठांतरावर, वेशभूषेत, धावतपळत, कधी पाठ फिरवून, कधी जिन्यावर. मोत्सार्टच्या 'फिगारो'चा (१७८६) दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या, सुमारे वीस मिनिटं सलग संगीत, सुरुवातीला रंगमंचावर दोन माणसं भांडतायत, मग एकेक वाढत शेवटी सात जण एकदम गातात आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. मधे टाळ्यांना जागा नाही, श्वास घ्यायला जागा नाही, आणि लय दर थोड्या वेळाने बदलते. ती बदलताना हात जरा जरी अडखळला तरी सात जण सात दिशांना.

पुचीनीच्या 'ला बोएम'चा दुसरा अंक तर त्याहून वाईट. पॅरिसमधला नाताळचा बाजार, फेरीवाले, खेळणीवाल्यामागे लागलेली पोरं, कॅफेत बसलेले मुख्य लोक, आणि शेवटी लष्करी बँड लांबून वाजत जवळ येतो. तो बँड विंगेत लांब उभा असतो. इथे फिजिक्स आडवं येतं. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे चौतीस मीटर लांबून यायला एक दशांश सेकंद. संगीतात तो फार मोठा असतो. विंगेतल्यांनी कानाने ऐकून वाजवलं तर ते कायम मागेच पडणार, त्यामुळे त्यांनी ऐकायचं नाही, मॉनिटरवर कंडक्टरचा हात बघायचा आणि ऐकू येतंय त्याच्या किंचित आधी वाजवायचं. स्वतःच्या कानावर अविश्वास ठेवून. करून बघा, वेड लागतं.

ताशा_पहिली_रांग

वरचा बँडचा किस्सा वाचून राहवलं नाही. हे आम्ही दर विसर्जनाला करतो ओ!! लक्ष्मी रोडवर पथक लांबलं की मागच्या रांगेतल्या ढोलांना पुढचा ताशा उशिरा ऐकू येतो, त्यात दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज आपटून परत येतो, मग मागचे रेंगाळतात आणि पुढे ठोका पडला की मागे पडतोय असं फाटकं वाजतं. म्हणून आमच्यात नवीन पोरांना पहिलं वाक्य हेच सांगतात, कान बंद ठेव, हात बघ. एकजण मधे उलटा चालत असतो, तोंड पथकाकडे आणि पाठ गणपतीकडे, खड्डा आला तर थेट खड्ड्यात. आजपासून त्याला कंडक्टर म्हणणार.

नळस्टॉप_ते_नारायणपेठ

आणि स्पर्धा ठेवली तर अलका चौकात फायनल.

कोथरूड_म्युनिक

ताशा_पहिली_रांग, अगदी अगदी तेच! हे मी इथल्या लोकांना समजावू शकलो नसतो.

राहिलेलं लिहितो. भाषा ही मोठी गोष्ट आहे. मात्रा शब्दातल्या स्वरावर पडते, व्यंजन तिच्या आधी उरकावं लागतं, त्यामुळे इटालियन शब्द कसा उच्चारतात हे कंडक्टरला तोंडपाठ नसेल तर हात नेहमी जरा लवकर किंवा जरा उशिरा येतो. म्हणून चांगले ऑपेरा कंडक्टर बहुतेकदा पियानोवरून वर आलेले असतात, ऑपेरा हाउसमध्ये आधी वर्षानुवर्षं गायकांना पियानोवर भूमिका बसवून द्यायच्या, स्वतः वाजवत सगळ्यांचे भाग भसाड्या आवाजात गायचे. भाचीचा पियानो पक्का आहे म्हणताय, ही जमेची बाजू धरा. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरा हाउसेस आहेत, नोकरीची दारं तिथे आहेत.

आता भावोजींसाठी थोडा हिशोब. जिंकणं हा जरा लॉटरीचाच मामला असतो. पण झुबिन मेहता आपला मुंबईचा, १९५८ ला लिव्हरपूलची स्पर्धा जिंकला तेव्हा बाविशीत होता. जपानचा ओझावा १९५९ ला फ्रान्समधल्या बेझाँसोंची जिंकला आणि पुढे व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेराचा संगीत संचालक झाला. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तिसऱ्या नंबरची आहे. २००४ ला बामबेर्गची माहलर स्पर्धा पहिल्यांदा झाली, पहिला आला दुदामेल, तो जगभर गाजला. तिसरी आली ती युक्रेनची ओक्साना लिनिव. जर्मनीतल्या बायरॉइटचा वाग्नर महोत्सव (वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेरांचा) १८७६ पासून चालू आहे, तिथे २०२१ पर्यंत एकाही बाईने ऑपेरा कंडक्ट केला नव्हता. पहिली बाई उभी राहिली ती हीच. म्हणजे नंबराकडे फार बघू नका, पाच-पन्नास जाणती माणसं तुमचं काम बघतात हा खरा मोबदला.

फक्त ऑपेरासाठीची स्पर्धा म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या ऑपेराची असते ती का? असेल तर मजा आहे, त्या थिएटरसमोर ग्रेत्री नावाच्या संगीतकाराचा पुतळा आहे आणि त्याच्या चौथऱ्यात त्याचं खरं हृदय ठेवलंय. परीक्षेला जाताना बघून जावं असं काही नाही, पण आहे.

भाता_आणि_पेटी

हृदय चौथऱ्यात! आपल्याकडे पुतळ्याला हार मिळाला तरी पुष्कळ.

मावशी, भाचीला एक विचारा माझ्यातर्फे. गाणारा सूर लावायच्या आधी ती स्वतः श्वास घेते का? मी घेतो, ऑर्गनवर बसल्या बसल्या, नटाबरोबर. न घेता साथ केली तर उशीर होतो. तिकडेही असंच असेल असा माझा अंदाज.

सदाशिवातली_मावशी

सगळ्यांचे आभार, ताशावाल्यांचे विशेष, कारण भावोजींना शेवटी तेच पटलं. ते तरुणपणी पथकात होते हे मला माहीतच नव्हतं, बहिणीलाही नव्हतं म्हणे, ती वेगळीच चौकशी सुरू आहे आता त्यांच्या घरी.

स्पर्धा कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, निवड झाली तर सांगेन.

भाता_आणि_पेटी, तुमचा प्रश्न विचारला. ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, पहिल्या वर्षी सरांनी काठी काढून घेतली होती, पंधरा दिवस नुसता श्वास दाखवून वादकांना सुरुवात करून द्यायला लावली. रडायची म्हणे रोज. आम्हाला तेव्हा फोनवर "सगळं मस्त चाललंय" सांगायची कार्टी.

व्हिडिओ झाला. मला पाठवला, मी आणि भावोजींनी मोबाइलवर बघितला. सात-आठ मिनिटं फक्त तिचा चेहरा. गाणारी मुलगी कॅमेऱ्यात नव्हतीच, पण ती कधी थांबणार आणि कधी उचलणार ते आमच्या पोरीच्या भुवयांवरून आधीच कळत होतं. भावोजी काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, "परत लाव" म्हणाले, आणि दुसऱ्यांदा बघताना सोफ्याच्या हातावर बोटाने ठेका धरून बसले. चुकत होते, पण धरून बसले.

फी त्याच रात्री भरली. आता शेंगेन व्हिसावर मुक्काम केलेल्या विद्यार्थ्याला शेजारच्या देशात जायला वेगळं काही लागतं का, हा नवा धागा काढू की इथेच विचारू?

कोथरूड_म्युनिक

जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असेल तर थोड्या दिवसांसाठी शेंगेनमध्ये वेगळा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड दोन्ही बरोबर ठेवायला सांगा. आणि काठ्या दोन न्यायला सांगा. ऐन वेळी मोडतात.