मदत हवी आहे : कबरीवरचा मार्बल काळा पडलाय
नमस्कार मंडळी, शिवडीच्या ख्रिश्चन कबरस्तानात पप्पांच्या कबरीवर मार्बलचा दगड बसवलाय, दोन पावसाळ्यांतच तो हिरवाकाळा झाला, अक्षरांतला रंग पोपडे धरून निघाला आणि त्यात माती खचून दगड पुढे कललाय. कारागीर म्हणतो ॲसिड मारू, चकाचक होईल, पण ॲसिडने मार्बल खाल्ला जातो ना? (घरच्या ओट्याचं तेच करून बसलोय आम्ही.) सध्या नुसतं पाणी आणि मऊ ब्रश चालवतोय. शेवाळ जायला अजून काय वापरता? आणि खाली पीसीसी (साध्या सिमेंट काँक्रीटचा थर) करून हाच परत बसवू की सरळ काळा ग्रॅनाइट घेऊ? मम्मीला हाच दगड हवाय. २ नोव्हेंबरला ऑल सोल्स डे (आमचा मृतांच्या स्मरणाचा दिवस), त्याआधी काम उरकायचंय, कोणी करून घेतलं असेल तर सांगा प्लीज.