इलेक्ट्रिक गाडी रोज रात्री शंभर टक्के चार्ज करावी का?

प्रश्न: मी नागपूरचा. ऑफिसला जाऊन-येऊन ३० किमी, म्हणजे जेमतेम १२ टक्के बॅटरी जाते. तरी मोबाईलसारखी गाडी रोज रात्री लावून ठेवतो. मे महिन्यात तर पार्किंगचा पत्रा रात्रीही गरम. चुकतंय का?

उत्तर: आधी बॅटरी कोणती ते बघा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची) असेल तर ८० टक्क्यांवर थांबवा. काठोकाठ भरलेली आणि वर तापलेली, हे तिला सोसत नाही. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेटची) असेल तर अनेक कंपन्या आठवड्यातून एकदा शंभर करायला सांगतात, नाहीतर गाडी दाखवते तो टक्क्यांचा अंदाज चुकतो.

उत्तर: मी पहाटे ४ चा टायमर लावते. तोवर गाडी निवते.

प्रश्नकर्ता: पुस्तिका दोन वर्षांनी उघडली, एलएफपी निघाली! आता रविवारी पहाटे. टायमर मात्र मुलगीच लावून देणार.