मदत हवी आहे: चीनच्या खेड्यांतली 'दिबाओ' योजना आणि अर्ज करण्याची लाज

नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यूच्या प्रबंधासाठी चीनमधल्या ग्रामीण 'दिबाओ'वर, म्हणजे किमान निर्वाहासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवर, लिहितेय. 2007 पासून ही योजना तिथल्या खेड्यांत देशभर लागू आहे. अर्ज आला की घरची मिळकत तपासतात, गरज पडली तर गावात चर्चा होते आणि लाभार्थ्यांची नावं गावच्या फलकावर लावतात. वशिलेबाजीला आळा बसावा हा हेतू, आणि तो रास्तच आहे. पण येता-जाता अख्ख्या गावाने आपलं नाव वाचायचं! त्यात कमावत्या मुलांची जबाबदारीही हिशेबात धरतात. म्हणजे म्हाताऱ्या आईने हात पसरला की शहरात राबणाऱ्या मुलाचीही अब्रू चव्हाट्यावर. हे वाचून मला फार लागलं.

आकडेवारी भरपूर मिळते (2021 मध्ये चीनने अतिदारिद्र्य संपल्याचं जाहीर केलं, त्यावर तर ढीगभर लेखन आहे). मला हव्यात त्या हक्क असूनही अर्ज न करणाऱ्यांच्या मुलाखती, विशेषतः एकट्या वृद्धांच्या. कुणाला असा अभ्यास माहीत आहे का? मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल. आणि चिनी लेखाचा गोषवारा समजावून सांगेल असं कुणी आहे का इथे?