नऊ आठवड्यांचं पिल्लू गालिच्यावरच शू करतं

प्रश्न: फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पिल्लू लॅब्रडॉर, लसी अजून अर्ध्याच. बाल्कनीत वर्तमानपत्र घातलंय, पण शू हॉलमधल्या गालिच्यावर. ओरडल्यापासून सोफ्यामागे जाऊन करतं. काय करावं?

प्रतिसाद १: ओरडणं आधी थांबवा. माणसांसमोर करायचं नाही, एवढंच ते त्यातून शिकलंय. या वयात जागेपणी फार तर दोन-तीन तास धरवतं. झोपून उठल्यावर, खेळ संपल्यावर आणि खाल्ल्यावर ५ ते १५ मिनिटांत उचलून कागदावर न्या. झालं की तिथेच, लगेच, वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. आत आल्यावर दिलात तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही.

प्रतिसाद २: गालिचा सध्या गुंडाळून ठेवा. फिनाइल नको, पिल्लाने चाटलं तर विषारी. डागावर एन्झाइमवालं, म्हणजे लघवीचे घटक मोडून वास घालवणारं, क्लीनर टाकून १०-१५ मिनिटं मुरू द्या, मग टिपा. वास राहिला की ते पुन्हा तिथेच जाणार.

प्रतिसाद ३: लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांपर्यंत, सोसायटीच्या आवारात खाली सोडू नका, पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. कडेवर घेऊन मात्र जरूर फिरवा, रिक्षा-हॉर्नची सवय याच वयात होते. आणि थेंबथेंब, सारखी शू होत असेल तर शिकवणं राहू द्या, आधी डॉक्टरकडून लघवी तपासून घ्या.