व्हॉट्सॲपचं कुलूप पोलिसांना उघडता यावं का?

परभणीकर: काल रात्री गावच्या ग्रुपवर परत पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज, कुणी सोडला पत्ता नाही अन सगळे फॉरवर्ड करायलेत. २०१८ ला धुळ्याकडं राईनपाड्यात असल्याच अफवेनं पाच जणांना ठेचून मारलं, भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. २०२१ च्या आयटी नियमांत एवढंच तर हाय, की कोर्टानं विचारलं तर मेसेज पहिल्यांदा कुणी टाकला ते कंपनीनं सांगावं. कामून विरोध? बँकेचं लॉकर बी कोर्टाच्या कागदावर फोडतेतच की.

उदगीरचा कोडर: लॉकर फोडलं की एकच फुटतं, शेजारचं जागेवर राहतं. इथं मेसेज कुलूपबंद होऊन जातो अन त्याची चावी फक्त तुमच्या-माझ्या फोनात हाय, कंपनीजवळ बी नाही, म्हणजे पोलिसाला वाट द्यायची तर प्रत्येकाच्या कुलपात जास्तीची चावी बसवावी लागती. ग्रीसमधी २००४-०५ ला टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेतली पोलिसांसाठीची ऐकायची सोय दुसऱ्याच कुणीतरी गुपचूप वापरली, खुद्द पंतप्रधानाचा फोन महिनोन्महिने ऐकला!

परभणीकर: मेसेज वाचा असं कुठं म्हणलो मी? पाठवणारा कोण तेवढंच.

उदगीरचा कोडर: तेवढ्यासाठी बी आजपासून सगळ्याच मेसेजवर खूण ठेवावी लागल, उद्या कोणता विचारतेत हे आज कुणाला माहीत? अन कॉपी करून परत टाकला की पहिला पाठवणारा तुम्हीच, बसा मग ठाण्यात.

काळा कोट: परभणीकर, फक्त कोर्ट नाही हो. आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली गृहसचिवाची सही बी चालते, माझं भांडण तिथंच हाय. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं खासगीपणा मूलभूत हक्क म्हणलंय, मग न्यायाधीशानं बघायच्या आधी सचिवानं कामून ठरवावं?

रिटायर्ड जमादार: तुमचं सगळं खरं, पर लेकरू हरवलेल्या माईसमोर मी बसलेलो हाय. पोराचा फोन हातात नाही, चॅट कुणालाच उघडत नाही, त्या बाईला कलम सांगू का ग्रीस सांगू? फोन कुणाशी झाले ते कंपनीकडून कळतं, काय बोलणं झालं ते नाही. अर्थात फोन सापडूनबी काय, तपासायला जिल्ह्याला पाठवा अन महिनोन्महिने वाट बघा, त्याच्यावर कुणी नियम काढत नाही.

परभणीकर: जमादार साहेब, आत्ताच विचारलो ग्रुपवर, कुठून आणला रे मेसेज. पोरगं म्हणतंय मामानं पाठवला. मामाला फोन लावलो तर तो म्हणतो, तुमच्याच ग्रुपवरून घेतला.